दऱ्या, दर्या आणि चॅटवरचा पहारेकरी

२८ जून २०२० रोजी क्रोएशियातले बुद्धिबळ समालोचक अंतोनियो राडिच यांचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा यांच्यावरचा कार्यक्रम चालू असताना त्यांचं यूट्यूब चॅनल अचानक बंद झालं. कारण दाखवलं गेलं, 'हानिकारक आणि धोकादायक' मजकूर. चोवीस तासांच्या आत ते परत सुरूही झालं, पण नेमकं काय खटकलं हे यूट्यूबने सांगितलं नाही. राडिच यांचा अंदाज असा, की 'काळा विरुद्ध पांढरा' या शब्दांनी घात केला असावा.

अंदाज बरोबर की चूक, ते ठरवता येत नाही. पण त्याची चाचणी घेता येते, आणि ती अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले अशिकुर खुदाबक्ष यांनी रूपक सरकार यांच्यासह घेतली. बुद्धिबळाच्या पाच लोकप्रिय यूट्यूब चॅनलांवरच्या ६,८०,००० हून अधिक प्रतिक्रिया त्यांनी द्वेषपूर्ण भाषा ओळखणाऱ्या प्रणालींना दिल्या. प्रणालीने आक्षेपार्ह ठरवलेल्या १,००० प्रतिक्रिया माणसांनी वाचून पाहिल्या, तेव्हा ८२ टक्के प्रतिक्रियांमध्ये वंशद्वेष नव्हताच. काळा, पांढरा, हल्ला, धोका हे शब्द मात्र होते. काळ्याच्या वजिरावर हल्ला केल्याशिवाय बुद्धिबळ खेळायचं तरी कसं?

'आता एआय आलंय, चॅट ते सांभाळेल' असं आजकाल सर्रास ऐकू येतं. त्यामागे समज असा, की यंत्र माणसासारखं चॅट वाचतं, फक्त जास्त वेगाने. प्रत्यक्षात ते आलेल्या ओळीचे आकडे करतं, त्या आकड्यांवरून शून्य ते एकच्या दरम्यान आक्षेपार्हतेचा एक गुण देतं, आणि गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेला की ओळ अडवतं. ट्विच या लाइव्हस्ट्रीमिंग मंचाने डिसेंबर २०१६ मध्ये आणलेला 'ऑटोमॉड' संशयास्पद संदेश रोखून धरतो आणि मॉडरेटरच्या, म्हणजे चॅटवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाच्या, होकाराची वाट पाहतो. किती कडक राहायचं, ते स्ट्रीमर, म्हणजे थेट प्रक्षेपण करणारा, ठरवतो.

इथे शाळेतलं शेकडेवारीचं गणित करून बघाच. समजा १०,००० संदेशांपैकी १०० खरोखर वाईट आहेत आणि प्रणाली दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. ती ९५ वाईट संदेश पकडेल. उरलेल्या ९,९०० चांगल्या संदेशांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९५, तीही अडवेल. अडवलेल्या ५९० पैकी ४९५ निर्दोष! '९५ टक्के अचूक' अशी जाहिरात करणारा विक्रेता खोटं बोलत नाही, पण हा दुसरा आकडा तो सांगतही नाही. व्हिडिओखालची प्रतिक्रिया उशिरा दिसली तरी चालते. लाइव्ह चॅटमध्ये 'काय चाल होती!' हा उद्गार दोन मिनिटांनी सुटून आला, तर तोवर डाव कुठल्या कुठे गेलेला असतो. चूक दुरुस्त करूनही झालेलं नुकसान भरून निघत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त रस आहे तो गुण देण्याच्याही आधीच्या पायरीत. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. इंग्रजीतलं लहान 'ए' म्हणजे ९७. रशियन लिपीत हुबेहूब तसंच दिसणारं 'आ' आहे, त्याचा क्रमांक १०७२. शिवीतलं एक अक्षर असं बदललं, की वाचणाऱ्याला शिवी जशीच्या तशी दिसते, पण यंत्रासाठी तो कधीही न पाहिलेला शब्द असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्विचवर कृष्णवर्णीय आणि एलजीबीटी स्ट्रीमरांच्या चॅटमध्ये बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने चालवलेल्या, खात्यांच्या झुंडी घुसवून वांशिक शिव्यांचा मारा केला गेला, तेव्हा अशा अक्षरबदलाचाही वापर झाला. आपल्या फिल्टरमध्ये एक फट होती आणि ती बुजवली आहे, असं ट्विचला जाहीर करावं लागलं. वैतागलेल्या स्ट्रीमरांनी १ सप्टेंबरला एक दिवस स्ट्रीम बंद ठेवून निषेध केला.

मग यावर उपाय काय? मजकूर आधी 'साफ' करायचा. जाड, तिरपी, गोलात बसवलेली नक्षीदार अक्षरं साध्या रूपात आणण्याचे युनिकोडचे नियम आहेत, त्यांना एनएफकेसी म्हणतात. रशियन 'आ' त्यात सापडत नाही, कारण ते खरोखरच वेगळं अक्षर आहे. त्यासाठी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची निराळी यादी वापरावी लागते. शिवाय काही खुणा पडद्यावर दिसतच नाहीत. ८२०३ क्रमांकाची शून्य रुंदीची जागा शिवीच्या मधोमध टाकली, तर शब्द दिसायला अखंड राहतो आणि यंत्रासाठी त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून कित्येक फिल्टर सगळ्या अदृश्य खुणा सरसकट पुसून टाकतात. इंग्रजीचं त्यात फारसं काही बिघडत नाही.

मराठीचं बिघडतं. 'दर्या' म्हणजे समुद्र, त्याचे क्रमांक २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. 'दऱ्या', म्हणजे डोंगरातल्या, लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत २३५२ च्या जागी २३५३ येतो. दुसरीत 'र' तोच राहतो, पण हलन्ताच्या २३८१ नंतर ८२०५ ही अदृश्य जोडखूण येते. ती पुसली, की दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्यांना बोलावलेलं असताना आचार्य येतात! जी खूण इंग्रजी चॅटमध्ये संशयास्पद, ती मराठीत शुद्धलेखनाचा भाग आहे.

याहून मोठा घोळ मात्रांचा. युरोपीय भाषांमधली अक्षरांवरची चिन्हं काढून मजकूर सोपा करायची एक जुनी सवय आहे. युनिकोडच्या वर्गवारीत आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच गटात पडतात. काना आणि वेलांट्या वेगळ्या गटात. गूगलच्या २०१८ मधल्या 'बर्ट' या भाषा-मॉडेलच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीत ही सफाई होती. 'तू छान खेळलीस' तिच्यातून गेलं, की उरतं 'त छान खळलीस'. 'कुत्रा' होतो 'कतरा'. पुढे गूगलनेच ती आवृत्ती वापरू नका असं सांगून नवी दिली. पण कुठल्या फिल्टरच्या पोटात कुठली सफाई चालते, हे चॅटमध्ये लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. चोराला पकडायला सफाई वाढवावी, तर सरळ लिहिणाऱ्या मराठी माणसाचं वाक्य मोडतं. सफाई कमी करावी, तर चोर सुटतो. मॉडेल कितीही मोठं केलं तरी हा पेच सुटत नाही, कारण मोडलेलं वाक्यच त्याच्यापर्यंत पोचतं.

त्यातून आपण चॅटमध्ये देवनागरी वापरतोच असंही नाही. 'आहे' हा शब्द रोमन लिपीत कुणी तीन अक्षरांत लिहितं, कुणी चार. शिव्यांचंही तेच.

सफाई जमली तरी यंत्र सहज फसतं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की द्वेषपूर्ण वाक्यातल्या शब्दांमधली जागा काढून टाकली आणि शेवटी 'प्रेम' या अर्थाचा इंग्रजी शब्द चिकटवला, तर तेव्हाच्या प्रणाली गडबडतात. प्रेमाचा शब्द गुण खाली ओढतो, बस.

आणि चॅटचा अर्थ एका ओळीत कुठे असतो? मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात झालेल्या ड्रीमहॅक स्पर्धेत 'हार्थस्टोन' या खेळात टेरेन्स मिलर हा कृष्णवर्णीय खेळाडू अंतिम फेरीपर्यंत गेला. तो पडद्यावर आला की ट्विचच्या चॅटमध्ये वंशद्वेषी मजकुराचा पूर यायचा, आणि त्यात शब्दांबरोबर इमोट, म्हणजे चॅटमध्ये नाव लिहून टाकायची छोटी चित्रंही होती. त्यातलं एक म्हणजे एका कृष्णवर्णीय स्ट्रीमरचा हसरा चेहरा. एरवी हजारो लोक ते निव्वळ आनंदाने टाकतात. तेच चिन्ह त्या क्षणी, त्या खेळाडूचा चेहरा समोर असताना टाकलं की शिवी होतं. ओळ सुटी वाचणाऱ्या यंत्राला दोन्ही वेळा एकच नाव दिसतं. एकेक अक्षर वेगवेगळ्या संदेशांत टाकून उभी शिवी रचली, तर त्यातला प्रत्येक संदेश निरागसच असतो.

म्हणूनच २०२१ च्या झुंडींनंतर ट्विचने आणलेले उपाय शब्दांच्या पलीकडचे होते. फोन क्रमांकाची पडताळणी झालेल्यांनाच चॅट करू देण्याची सोय स्ट्रीमरांना मिळाली, आणि बंदी घातलेला माणूस नव्या खात्याने परत आल्याचा संशय दाखवणारी व्यवस्था आली. ती व्यवस्थाही शेवटी मॉडरेटरला इशारा देते, निर्णय त्याच्यावर सोडते.

मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' हा २५,००० हून अधिक ट्विटांचा संच तयार केला. द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि यातलं काहीच नाही, अशा चार गटांत माणसांनी तो लावला आहे. हे फार मोलाचं काम आहे. पण ट्विट सुटं वाचता येतं. चॅटसाठी वेगळा संच हवा, ज्यात प्रत्येक ओळ तिच्या आधीच्या दहा-वीस ओळींसकट असेल, त्या क्षणी पडद्यावर काय चाललं होतं याची नोंद असेल, रोमन मराठीची सगळी स्पेलिंगं असतील, आणि दऱ्यातली ती अदृश्य जोडखूण कुणी पुसलेली नसेल.