अंधारात वाचायची शब्दसूची

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेत ‘ड्यून’ हा सिनेमा लागला, तेव्हा काही थिएटरांत प्रेक्षकांना एक छापील कागद देत होते. सिनेमातल्या अनोळखी शब्दांचे अर्थ त्यावर होते. दिवे मालवल्यावर तो वाचायचा कसा, देव जाणे.

तो ज्या विज्ञान कादंबरीवर बेतला, ती फ्रँक हर्बर्ट यांची, १९६५ची. वीसेक प्रकाशकांनी साभार परत केल्यावर ती काढली ‘चिल्टन’ने, म्हणजे मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनाने. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहेच, पण खरी अडचण शब्दांची नाही. जेवणाच्या टेबलावर चारजण गोड बोलत असतात आणि मनात एकमेकांना जोखत असतात; लेखक खुशाल एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. कादंबरी घडते ती तिथे.

सत्तरच्या दशकात दिग्दर्शक अलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी चित्रकार साल्वादोर दाली, नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स अशा मंडळींना घेऊन तिच्यावर सिनेमा करायचा घाट घातला. पैसा उभा राहिला नाही. हक्क निर्माते दिनो दे लॉरेंतिस यांच्याकडे गेले, दिग्दर्शक म्हणून रिडली स्कॉट आले नि गेले, आणि अखेर ‘द एलिफंट मॅन’वाले डेव्हिड लिंच आले.

खर्च झाला सुमारे ४ कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई जेमतेम ३ कोटी. अंतिम संकलन लिंच यांच्या हातात नव्हतं. सगळं २ तास १७ मिनिटांत कोंबताना जे गळलं, ते निवेदनाने सांधलं. सुरुवातीलाच राजकन्या इरुलान सगळं समजावून सांगते, तिचा चेहरा विरत जातो, आणि काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून ती पुन्हा उगवते! पुढे पात्रांचे विचार कुजबुजत ऐकू येतात. पानावर असा विचार नजरेखालून सर्रकन जातो. पडद्यावर तो संपेपर्यंत नटाला ओठ मिटून थांबावं लागतं. माझ्या मते हा कादंबरीवरचा अन्याय नव्हे, अतिनिष्ठा आहे. निष्ठा सुटते ती शेवटी: वाळवंटी ग्रहावर पाऊस पडतो. कादंबरीत पाणी म्हणजे तिथल्या महाकाय अळ्यांना विष, आणि ज्या ‘मसाल्या’साठी, म्हणजे त्या ग्रहावरच मिळणाऱ्या मौल्यवान अमली पदार्थासाठी, एवढी मारामारी, तो त्या अळ्यांमुळेच तयार होतो.

‘ब्लू व्हेल्व्हेट’ हा पुढचा सिनेमा करताना लिंच यांनी त्याच निर्मात्याकडून कमी पैसे घेतले, पण अंतिम संकलन स्वतःकडे ठेवलं. १९८८ मध्ये ‘ड्यून’ची लांबवलेली टीव्ही आवृत्ती त्यांच्याशिवाय तयार झाली, तेव्हा त्यांनी आपलं नाव काढायला लावलं. दिग्दर्शक म्हणून ॲलन स्मिथी हे, सिनेमा नाकारणाऱ्या हॉलिवूडच्या दिग्दर्शकांचं नेहमीचं टोपणनाव आलं. पटकथाकार म्हणून आलं जूडास बूथ: येशूला दगा देणारा आणि लिंकनला गोळी घालणारा, दोघे एकाच नावात.