ग्योझा : पोषण आणि आहारातील स्थान

गव्हाच्या पिठाच्या पातळ पारीत खिमा आणि बारीक चिरलेल्या भाज्यांचे सारण भरून केलेल्या जपानी पदार्थास ग्योझा असे म्हणतात. आकाराने तो लहान करंजीसारखा अर्धचंद्राकृती असतो. मात्र मुरड न घालता पारीच्या एकाच बाजूला चुण्या पाडून कडा दाबून घेतात. मूळ पदार्थ चीनमधील जिआओझ असून, दुसऱ्या महायुद्धानंतर ईशान्य चीनमधील मांचुरियातून परतलेल्या जपानी सैनिकांनी व नागरिकांनी तो मायदेशी रुजवला. तोचिगी प्रांतातील उत्सुनोमिया आणि शिझुओका प्रांतातील हामामात्सु ही शहरे ग्योझासाठी विशेष प्रसिद्ध आहेत.

उत्तर चीनमध्ये जाड पारीचे, पाण्यात उकडलेले जिआओझ हेच पूर्ण जेवण असते. जपानमध्ये पारी पातळ झाली, तव्यावर भाजण्याची पद्धत रूढ झाली आणि ग्योझाला भातासोबतच्या तोंडीलावण्याचे, म्हणजे ओकाझुचे, स्थान मिळाले. पोषणाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे, कारण गव्हाची पारी आणि भात एकाच ताटात आल्याने पिष्टमय पदार्थांचे प्रमाण वाढते.

सारणात साधारणपणे डुकराच्या मांसाचा खिमा, कोबी किंवा हाकुसाई हा लांबट चिनी कोबी, निरा नावाची लसणाच्या वासाची पात, लसूण, आले, सोया सॉस आणि तिळाचे तेल असते. तयार ग्योझामध्ये १०० ग्रॅममागे साधारण २०० किलोकॅलरी ऊर्जा आणि एक ग्रॅमच्या आसपास मीठ असते. अर्थात खिम्यातील चरबी आणि वरून घातलेले तेल यांनुसार हे आकडे बरेच बदलतात. एका बशीत बहुधा पाच-सहा नग असतात. सोबत १५० ग्रॅम भात घेतल्यास आणखी सुमारे २३५ किलोकॅलरींची भर पडते.

डुकराचे मांस हा ‘ब१’ जीवनसत्त्वाचा, म्हणजेच थायमिनचा, उत्तम स्रोत आहे. गोमांसाच्या तुलनेत त्यात ते कित्येक पटींनी अधिक असते. पांढऱ्या भातावर भिस्त असलेल्या जपानमध्ये या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होणाऱ्या बेरीबेरीने एके काळी मोठे बळी घेतले होते. लसूण किंवा निरा चिरल्यावर अॅलिसिन तयार होते आणि त्याचा थायमिनशी संयोग होऊन अॅलिथायमिन हे सहज शोषले जाणारे संयुग बनते. क्योतो विद्यापीठातील मोतोनोरी फुजिवारा यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी त्याचा शोध लावला. ग्योझा खाल्ल्याने थकवा जातो, हा लोकप्रिय समज बहुधा या संशोधनाच्या आधारे सांगितला जातो. पण बशीभर ग्योझात खिमा मोजकाच असल्याने त्याला औषधाचा दर्जा देणे अतिशयोक्तीचे ठरेल.

खरा प्रश्न मिठाचा आहे. खिमा मीठ घालून चिकट होईपर्यंत मळला म्हणजे त्यातील प्रथिने पाणी धरून ठेवतात व सारण रसाळ राहते, त्यामुळे थोडे मीठ अपरिहार्यच असते. कोबीलाही मीठ चोळून पाणी पिळून काढण्याची प्रथा आहे. त्यात थोडे मीठ भाजीतच राहते आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश पाण्याबरोबर निघून जातो. त्यावर सोया सॉसमध्ये बुडवून खाणे आले. नेहमीच्या गडद सोया सॉसच्या एका लहान चमच्यात जवळपास ०.९ ग्रॅम मीठ असते, तर जपानच्या २०२०च्या आहार-मानकांनुसार दिवसभराचे उद्दिष्ट पुरुषांसाठी ७.५ आणि स्त्रियांसाठी ६.५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. म्हणून निव्वळ व्हिनेगर आणि मिरपूड लावून खाण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने सरस ठरते, शिवाय चवीतही ती उणी नाही. रामेनच्या, म्हणजे खारट रश्शातील नूडल्सच्या, वाडग्याबरोबर ग्योझा मागवणाऱ्यांनी निदान रस्सा तरी उरवावा.

शिजवण्याच्या पद्धतींमध्ये आगे-ग्योझा तळलेले असल्याने सर्वांत स्निग्ध, तर सुइ-ग्योझा उकडलेले असल्याने सर्वांत हलके असतात. याकि-ग्योझा या दोहोंच्या मध्ये येतात. तव्यावर थोड्या तेलात बूड खरपूस करायचे, पाणी ओतून झाकण ठेवायचे आणि पाणी आटल्यावर झाकण काढून पुन्हा कुरकुरीत करायचे, अशी त्यांची कृती आहे. पाणी तव्यातच आटत असल्याने विरघळलेली पोषकद्रव्ये बहुतांशी वाया जात नाहीत. हामामात्सुमध्ये तव्यावर गोलाकार रचलेल्या ग्योझांच्या मध्यभागी उकडलेले मोड, म्हणजे मोयाशि, ठेवतात. त्यामुळे स्निग्धपणा कमी जाणवतो आणि भाजीचा वाटाही वाढतो. घरी करताना खिम्यापेक्षा कोबीचे प्रमाण अधिक ठेवणे किंवा खिम्यात घट्ट तोफू कुस्करून घालणे, हे चरबी कमी करण्याचे सोपे मार्ग आहेत.

डुकराचे मांस आतपर्यंत शिजणे आवश्यक असते. सारणाचा मध्य ७५ अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट राहावा, अशी सूचना जपानमध्ये दिली जाते. गहू, सोया किंवा तीळ यांची अॅलर्जी असणाऱ्यांना नेहमीचे ग्योझा वर्ज्य होत. शाकाहारी व्यक्तींनी नावावर विसंबू नये, कारण जपानमध्ये ‘यासाई ग्योझा’, म्हणजे भाज्यांचे ग्योझा, या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थातही पुष्कळदा थोडे मांस किंवा डुकराची चरबी असते.