पार्श्वभूमी : ‘रूम हातातून गेली’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमध्ये, एनएचएलमध्ये, प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली की एक कारण हमखास कानावर येतं : रूम त्याच्या हातातून गेली होती. म्हणजे ड्रेसिंग रूम त्याला जुमानेनाशी झाली. जिंकणाऱ्या संघाची रूम मात्र कधी जात नाही, आणि इथेच प्रशिक्षकाचा स्वभाव व संघाचे निकाल यांची गल्लत होते.

डावपेच तपासणं त्या मानाने सोपं. १९९५ मध्ये न्यू जर्सीने डेट्रॉइटला अंतिम मालिकेत ४-० असं धुऊन स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नेलं, ते मैदानाच्या मधल्या पट्ट्यातल्या १-२-२ सापळ्याच्या जोरावर. पुढचा एकटा पक (खेळातली रबरी चकती) घेऊन येणाऱ्याला कडेला रेटतो, मागचे दोघे पासची वाट बुजवतात, शेवटचे दोघे निळी रेषा, म्हणजे आपल्या बचावक्षेत्राची हद्द, राखतात. २००५ मध्ये मैदानावरच्या दोन रेषा एकदम ओलांडणाऱ्या लांब पासवरची बंदी उठली आणि अडवाअडवीला शिक्षा कडक झाली. तेव्हापासून पाहायचं ते हे, की संघ पक ताब्यात ठेवून समोरच्याची निळी रेषा ओलांडतो की नुसता आत भिरकावून मागे धावतो. हे मोजावं ते गोलरक्षक सोडून दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असताना आणि गोल बरोबरीत असताना. आघाडी मिळालेला संघ सावध होतो, त्याचे गोलवरचे फटके आपसूक घटतात.

स्वभावाच्या वादात दाखला दिला जातो सेंट लुइस संघाचा. १९ नोव्हेंबर २०१८ ला प्रशिक्षक काढला, जून २०१९ मध्ये हंगामी प्रशिक्षकाने कप जिंकला. मधले आठवडे कुणी मोजत नाही. बदलानंतरच्या पहिल्या १८ सामन्यांत ८ विजय, ९ पराभव आणि जादा वेळेतला १ पराभव. डिसेंबरात सरावातच दोन सहकाऱ्यांची मारामारी. जानेवारीच्या सुरुवातीला संघ ३१ पैकी ३१वा! रूम गेली म्हणायचं तर तेव्हा म्हणायचं. ७ जानेवारीला एका नवख्या गोलरक्षकाला पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरवलं आणि त्याने एकही गोल होऊ दिला नाही. हंगामात त्याने ९२.७ टक्के फटके अडवले. आधीचा मुख्य गोलरक्षक ९०.५ वर होता. सामन्याला तीस फटके धरा, तीन सामन्यांत दोन गोलांचा फरक पडतो. प्रशिक्षकाचा वाटा होताच, पण सगळं श्रेय त्याच्या धाकाला देणं हास्यास्पद आहे.

म्हणून आधी संघाचा पीडीओ नावाचा आकडा बघावा : फटक्यांतून झालेल्या गोलांची टक्केवारी अधिक अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी. बेरीज १०० च्या आसपास घुटमळते. ९७ दिसली, तर बहुधा नशीब रुसलेलं असतं, रूम नव्हे.

नोव्हेंबर २०१९ नंतर ‘स्वभाव’ या शब्दाचा अर्थच बदलला. टोरांटोने काढलेल्या प्रशिक्षकाने एका नवख्याला सहकाऱ्यांची मेहनतीनुसार क्रमवारी लिहायला लावली होती, हे उघड झालं. काही दिवसांतच कॅल्गरीच्या प्रशिक्षकाला दहा वर्षांपूर्वीच्या वर्णद्वेषी शब्दांपायी राजीनामा द्यावा लागला. डिसेंबरात लीगने असे प्रकार ताबडतोब कळवण्याची सक्ती संघांवर केली. सप्टेंबर २०२३ मध्ये तोच टोरांटोचा प्रशिक्षक कोलंबसमधून पायउतार झाला, खेळाडूंच्या फोनमधले फोटो पाहण्यावरून. नव्या संघाचा एकही सामना तोवर त्याने हाताळला नव्हता.