सरकीतला चौथा वाटा: बीटी कापूस आपल्याकडे संकरितच का आला

बीटी हे वाणाचे नाव नाही. कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘दोन पाकिटे बीटी द्या’ म्हणणारी शेतकऱ्यांची एक अख्खी पिढी झाली, म्हणून हे वाक्य पुन्हा लिहावे लागते. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे जनुक. ते कापसाच्या पेशीत बसवले की झाड स्वतःच अळीला मारणारे प्रथिन तयार करते. संकरित हा शब्द मात्र बियाणे कसे तयार झाले ते सांगतो: दोन वेगळे पालक, आणि त्यांच्या पहिल्या पिढीचे बी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असायलाच हवा असे नाही. आपल्याकडे 2002 पासून त्या एकाच पाकिटात आल्या आणि बोलण्यातही एक होऊन गेल्या.

शब्दांचा गुंता त्याआधीचा आहे. 1964 मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द भाकरीसोबत घरोघरी गेला. चवीला कमी पण पोट भरणारे, खताशिवाय न येणारे, म्हणजे हायब्रीड. ‘संकर’ शब्दाला तर वर्णसंकराची जुनी काळी सावली आहेच. त्यामुळे संकरित म्हणजे भेसळीचे, अनैसर्गिक, असा समज गावोगाव पसरला. पुढे जनुक बदललेले पीक आले तेव्हा लोकांनी तेही याच खात्यात टाकले. प्रत्यक्षात संकर हे फुलातल्या नर-मादीचेच काम आहे, फक्त माणसाच्या हाताने घडवलेले. याच्या उलट ‘सरळ वाण’: त्याचे बी ठेवले, पेरले, की तेच पीक पुन्हा येते.

हाताने घडवलेले, हे अक्षरशः खरे आहे. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस 1970 मध्ये सुरतेत तयार झाला. 1972 मध्ये धारवाडहून दोन वेगळ्या प्रजातींचा संकर आला. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर दुपारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखाने पुंकेसरांची नळी सोलून काढायची, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, कळीला खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल आणून त्यावर फिरवायचे. एका फुलामागे एक बोंड. हे काम वर्षानुवर्षे बायका आणि लहान मुलींनी अल्प मजुरीवर केले. पाकिटाच्या किमतीवर वाद झाले तेव्हा त्यांचे हात क्वचितच कोणाला आठवले.

अमेरिकेत 1996 ला आणि चीनमध्ये 1997 ला बीटी कापूस शेतात आला, तो मुख्यतः सरळ वाणांतून. भारतात 2001 मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी सापडले, आणि मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली ती तीन वाणांना. तिन्ही संकरित होते. याच सुमारास झालेल्या 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला. संकरित वाणात मात्र तो हक्क कागदावरच राहतो, कारण दुसऱ्या पिढीत गुण फुटतात आणि पीक एकसारखे येत नाही. जनुकाला कुलूप लावायला वेगळा कायदा लागला नाही, ते काम मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने केले. संकरितातूनच बीटी आणण्याच्या बाजूनेही मुद्दे आहेत: संकरिताचा जोम, खाजगी गुंतवणूक, झपाट्याने झालेला प्रसार. देशाची रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) उत्पादकता हेक्टरी सुमारे 300 किलोवरून काही वर्षांत 550 च्या आसपास गेली. त्यात सिंचन, खते आणि नव्या कीटकनाशकांचाही वाटा होता. माझ्या मते मात्र हिशेबात सर्वांत महत्त्वाची बाब सुटली, आणि ती बोंडाच्या आत होती.

संकरित बीटीच्या बहुतेक वाणांत जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. म्हणजे झाडाच्या प्रत्येक पेशीत त्याची एकच प्रत. पाने, पाती (कळ्या), बोंडाची साल, सगळे अळीसाठी विषारी. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. निम्म्या परागकणांत जनुक असते, निम्म्यांत नसते, बीजांडांचेही तसेच. शेजारच्या झाडाचा पराग मधमाशीने आणला तरी फरक पडत नाही, कारण तेही त्याच पाकिटातले. एका बोंडात 32 सरक्या धरल्या, तर 24 मध्ये जनुक येईल आणि 8 कोऱ्या निघतील.

हिरव्या बोंडअळीला याने फारसा फरक पडत नाही, ती पाती-फुले-बोंडे खात फिरते. गुलाबी बोंडअळी वेगळी आहे. ती कोवळ्या बोंडात शिरते आणि सरकीच खाते, एक संपली की दुसरी. विषारी आणि बिनविषारी दाणे एकाच घरात मिळाले की अर्धवट सहनशक्ती असलेली अळीही तरून जाते आणि तीच पुढची पिढी घालते. चीनमध्ये यांग्त्से खोऱ्यात दुसऱ्या पिढीचे बी पेरल्यावर शेतातली चौथाई झाडे बिनविषारी निघाली आणि ती आश्रयाचे पीक ठरली, म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्या तिथे जगल्या आणि विष पचवणाऱ्यांशी त्यांचा संकर होत राहिला, त्यामुळे अळीचा विषाला असलेला प्रतिकार उलट कमी झाला. प्रमाण तेच, पण तिथे अख्खी झाडे वेगळी होती. म्हणून दोष नेमका कशाचा, यावर अजून वाद आहे.

2006 मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बीही मिळे. बांधाकडेने ते आश्रयाचे पीक म्हणून लावायचे होते, ते फार थोड्यांनी लावले. 2009 मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी नोंदली गेली आणि काही वर्षांत दुसरेही हरले. संकरित कापूस लांब मुदतीचा, त्यात ओलिताखाली फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून पुन्हा बोंडे, घ्यायची सवय. अळीला जानेवारीनंतरही घर मिळत राहिले. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) दिसल्या, बोंडे फोडल्यावर कवडी (किडका, खराब कापूस) निघाली, आणि कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

सरळ बीटी वाणाचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. 2009 मध्ये सरकारी संशोधनातून एक बाजारात आला, पण त्यात परक्या कंपनीच्या जनुकाचा अंश निघाला आणि तो मागे घ्यावा लागला. पुढची कित्येक वर्षे त्या वादात गेली. त्यानंतर सरळ बीटी वाण आले ते मुख्यतः पहिल्याच जनुकाचे, गुलाबी अळीने ते पचवून झाल्यावर. हिरव्या अळीला मात्र ते अजून उपयोगी पडते. यातले काही वाण लवकर निघतात, दाट लावता येतात, आणि बोंडातल्या सगळ्या सरक्या एकसारख्या असतात. वेचलेल्या कापसातली सरकी वेगळी काढून पुढच्या जूनमध्ये पेरता येते.