घोडी, गाढव आणि स्टुडिओतला ईझल

नवा ईझल, म्हणजे रंगवताना चित्र टेकवून ठेवायचा लाकडी सांगाडा, घ्यायला निघालेल्या व्यक्तिचित्रकारापुढे साधारण तीन पर्याय येतात. तीन पायांचा साधा, 'एच' आकाराच्या चौकटीचा भारी, आणि तसाच पण कॅनव्हास वरखाली करायला बाजूला हँडल असलेला आणखी भारी. शेवटच्याची किंमत ऐकली की पहिला प्रश्न येतो, या हँडलला एवढे पैसे का? उत्तर लाकडात शोधून सापडत नाही. चित्रकार समोरच्या माणसापासून किती लांब असायचा, बसायचा की उभा राहायचा आणि कॅनव्हास केवढा घ्यायचा, यात ते आहे.

आधी नावाची गंमत. 'एझेल' म्हणजे डच भाषेत गाढव. इंग्रजांनी शब्द डचांकडून उचलला आणि गाढव विसरले. फ्रेंच आणि इटालियन माणसं त्याच वस्तूला 'छोटा घोडा' म्हणतात. ओझं वाहणाऱ्या लाकडी सांगाड्याला जनावराचं नाव द्यायची खोड आपल्यालाही आहे. आपल्या सुताराची 'घोडी' तीच. आर्ट स्कूलमध्ये दोन्हीकडे पाय टाकून, पुढे बोर्ड टेकवून बसायच्या बाकड्याला मुलं 'डाँकी' म्हणतात, म्हणजे विसरलेलं गाढव तिथे परत आलंच.

वस्तू नावापेक्षा जुनी आहे. अपेलीस हा ग्रीक चित्रकार ऱ्होड्स बेटावर प्रोटोजेनीसला भेटायला गेला, तेव्हा घरात एक म्हातारी आणि ईझलवर चढवलेली मोठी कोरी फळी एवढंच होतं, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. पुढे फार काळ रचना तीच राहिली: तीन पाय, पुढच्या दोन पायांना भोकं, भोकांत खुंट्या आणि खुंट्यांवर चित्र. उंची बदलायची तर चित्र उतरवायचं, खुंट्या हलवायच्या, पुन्हा चढवायचं.

रेम्ब्रांटने 1628च्या सुमारास काढलेलं, जेमतेम 25 बाय 32 सेंटिमीटरचं एक चित्र बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात असाच ईझल पुढ्यात पहाडासारखा उभा आहे आणि चित्रकार पार मागे, भिंतीजवळ, लहानखुरा. खालच्या आडव्या पट्टीवर दोन जागी लाकूड झिजलंय. बसून काम करताना पाय टेकवून झालेली ती झीज. म्हणजे रंगवायचं बसून आणि जोखायचं लांबून. ईझलबद्दल इतकं नेमकं सांगणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

बसून रंगवायचं चित्र छोटं असतं तोवर खुंट्यांनी भागतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पोर्ट्रेटचा धंदा फोफावला आणि कॅनव्हासची मापं ठरून गेली: नुसत्या चेहऱ्या-खांद्यांसाठी 30 बाय 25 इंच, हातांसकट 36 बाय 28, अर्ध्या देहाला 50 बाय 40 आणि पूर्णाकृतीला 94 बाय 58. आता जवळजवळ आठ फुटी कॅनव्हासवर चेहरा आणि बूट दोन्ही रंगवायचे, तेही आपली नजर मॉडेलच्या नजरेच्या पातळीवर ठेवून. इंग्लिश व्यक्तिचित्रकार रेनॉल्ड्सने त्यासाठी मॉडेललाच वर उचललं. त्याची चाकांची खुर्ची जमिनीपासून दीडेक फूट उंच असे, आणि तो स्वतः उभ्याने, हातभर लांब ब्रशांनी रंगवी. स्टुडिओची खिडकी लहान आणि नऊ फुटांहून वर. असा उंचावरून येणारा उजेड चेहऱ्याला झकास, पण ओल्या तैलरंगावर चमकतो. चांगला स्टुडिओ ईझल कॅनव्हास किंचित पुढे झुकवू देतो, तो ही चमक टाळण्यासाठी. दुकानदार हे क्वचितच सांगतो.

एडिंबरोचा व्यक्तिचित्रकार रेबर्न ईझल थेट मॉडेलच्या शेजारी लावी. मग खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे जाई, निरखून पाही आणि येऊन मॉडेलकडे न बघता रंग लावी. पुढे अमेरिकन व्यक्तिचित्रकार सार्जंटही असाच येरझारा घालत रंगवायचा. मॉडेल आणि चित्र शेजारी-शेजारी, दोन्ही एकाच अंतरावरून दिसणारी. चूक लपायला जागाच नाही. पण त्यासाठी ईझल हवा तिथे सरकवता आला पाहिजे आणि ब्रश टेकल्यावर तसूभरही हलता कामा नये. एकोणिसाव्या शतकात चाकांवरच्या जड चौकटी आणि हँडल फिरवून मोठा कॅनव्हास वरखाली करण्याची सोय रूढ झाली. खुंट्या उपसायची कटकट गेली.

आपल्याकडे याची गरजच नव्हती. लघुचित्रं रंगवणारे जमिनीवर बसत, कागदाची फळी मांडीवर घेत. तैलरंगातलं मोठं व्यक्तिचित्र आलं आणि उभं राहून रंगवणं आलं. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्याला आला, त्याने 1792मध्ये सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं मोठं चित्र केलं. शनिवारवाड्यात मग चित्रशाळाही निघाली. पण रुजवण खरी झाली 1857मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जेजे स्कूलमुळे. पेस्तनजी बोमनजी, त्रिंदाद, हळदणकर, देऊसकर अशी तैलरंगावर हुकमत असलेली माणसं तिथूनच घडली. आपल्या भागात पोर्ट्रेटचा डेमो सभागृहात, शे-दोनशे प्रेक्षकांसमोर होतो. तिथे हलका, घडीचा ईझल लागतो. स्टुडिओतलं धूड नेता येत नाही. दोन्ही कामं एकाच ईझलकडून करून घ्यायला जाल तर पस्तावाल.

म्हणून खरेदीआधी चित्रकाराने स्वतःचं काम आठवावं. बसून बस्ट, म्हणजे नुसते चेहरा-खांदे, करणाऱ्याला हँडल म्हणजे चैन आहे. पाच फुटांपलीकडचे कॅनव्हास करणाऱ्याला ते पहिल्या आठवड्यातच वसूल वाटेल. जलरंगात व्यक्तिचित्र करणाऱ्याने कॅनव्हासची जागा जवळजवळ आडवी होते का ते तपासावं. बरेच महागडे ईझल इथेच नापास होतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरून आलेलं बीचचं लाकूड फुगतं, सरकपट्टी अडकते, लोखंडी स्क्रू गंजतात. माहितगार सुताराकडून सागवानी करून घेऊन त्याला पितळी स्क्रू घालणं मला जास्त पटतं. आणि ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन छत मोजा. मोठ्या ईझलचा मधला दांडा कॅनव्हाससोबत वर जातो, आणि फ्लॅटचं छत नऊ-साडेनऊ फुटांवर संपतं. पंखा त्याच्याही खाली.