रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर घेतलात? हे पत्रक कॅबिनेटजवळच ठेवा

मशीन घरी नेल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेक ग्राहकांचा फोन येतो आणि प्रश्न एकच असतो: "दादा, टेम्परेचर ९५ दाखवतंय, बंद करू का?"

बंद करू नका. तुमचा प्रोसेसर आजारी नाही. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या या प्रोसेसरमध्ये १६ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धारा) आहेत आणि त्याचा वेग ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. जुन्या मशीनमध्ये आकडा नव्वदीपार गेला की काहीतरी बिघडलंय असं आपण धरायचो. याची रीत वेगळी आहे. सगळे कोअर कामाला लागले की हा प्रोसेसर वेग वाढवत नेतो आणि ९५ अंश किंवा २३० वॉट यांपैकी जी मर्यादा आधी लागेल तिथे स्वतःला आवरतो. ९५ अंशांवर सतत काम करता यावं, अशीच त्याची रचना आहे.

काही ग्राहकांनी प्रोसेसर पाण्याने थंड करणारा मोठा वॉटर कूलर लावला, तरी आकडा तिथेच राहिला म्हणून ते हिरमुसले. त्यांना आम्ही शेजारचा वेगाचा आकडा बघायला सांगतो. गारवा जास्त मिळाला की हा प्रोसेसर तो वेग वाढवण्यात खर्च करतो, त्यामुळे पैसे वाया गेलेले नसतात. शिवाय बहुतेक उष्णता नखाएवढ्या दोन चिपांमध्ये तयार होते आणि वरचं धातूचं झाकण जाड आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) कूलर याही बोर्डावर बसावेत म्हणून उंची तेवढीच ठेवली आहे. त्या झाकणातून उष्णता बाहेर पडायलाच अडचण होते.

काळजी करायची ती वेगळ्या वेळी. नुसता ब्राउझर उघडा असताना आकडा ९५ ला चिकटला, किंवा इको मोड (कमी विजेवर चालण्याची सेटिंग, खाली सांगितली आहे) लावलेला नसतानाही व्हिडिओ रेंडरच्या वेळी वेग ४.५ गिगाहर्ट्झच्या खाली घसरला, तर कूलर सैल झाला असेल, पंप थांबला असेल किंवा जाळी धुळीने भरली असेल. मग लगेच फोन करा.

इको मोड नक्की लावून घ्या

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आमचे एक ग्राहक रात्री एक्स्पोर्ट लावून झोपायचे. पंख्यांच्या आवाजाने शेजारच्या खोलीतली माणसं उठायची. मे महिन्यात तर रात्रीसुद्धा त्या खोलीत पाय ठेववत नव्हता. हा प्रोसेसर २३० वॉट खातो तेव्हा ती सगळी उष्णता शेवटी तुमच्याच खोलीत येते, आणि नागपुरातल्या उन्हाळ्यात ती काय करते हे वेगळं सांगायला नको. आम्ही बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये) जाऊन १०५ वॉटचा इको मोड लावला. नाव १०५ वॉटचं असलं तरी यात प्रत्यक्ष वरची मर्यादा १४२ वॉट होते. एक्स्पोर्टला काही मिनिटं जास्त लागू लागली, एवढाच काय तो फरक, आणि पंख्यांची घरघर निम्म्यावर आली. असं होतं, कारण शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. तेवढा वेग सोडला की वीज आणि उष्णता दोन्ही भराभर उतरतात.

याहून खालचा ६५ वॉटचा मोडही आहे, त्याची मर्यादा ८८ वॉट. त्यात जड कामाचा वेग जाणवण्याइतका कमी होतो. एसी नसलेल्या खोलीत, एप्रिल-मेच्या दुपारी, आम्ही तरीही तोच सुचवतो.

आणि डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. आपल्याकडे हे सर्रास घडतं. हवा गार लागते हे खरं, पण तिच्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि ते सुकल्यावर मागे उरणारे क्षार बोर्डावर बसतात. कॅबिनेट बाजूला सरकवा.

पहिल्यांदा चालू करताना

नवीन मशीन, बदललेली रॅम किंवा बायोस अपडेट यांनंतर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. त्या वेळात बोर्ड डीडीआर५ प्रकारच्या रॅमशी ताळमेळ जुळवत असतो. एका ग्राहकाने घाबरून चार वेळा बटण दाबून मशीन बंद केलं आणि दर वेळी ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. थांबा. चहा घेऊन या.

रॅम घेताना दोनच पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० एमटी/सेकंद आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन, १६ च्या चार नकोत. "आत्ता दोन घेतो, पुढच्या वर्षी आणखी दोन टाकू" हा हिशोब या बोर्डावर जमत नाही. जाहिरातीत दिसणारा ६००० चा वेग एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या वाढीव वेगाची तयार सेटिंग) लावून मिळतो, पण कंपनी ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे चालवणं, धरते आणि ते वॉरंटीत बसत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही ते चालू करत नाही.

बायोस जुना ठेवू नका. २०२३ मध्ये याच मालिकेतले काही एक्स३डी (जास्तीची कॅश मेमरी असलेले) प्रोसेसर जळाल्याचं समोर आलं, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे अपडेट दिले. तुमच्या मशीनमध्ये आम्ही नवीन बायोस टाकूनच देतो. अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून घरी करायचं असेल तर यूपीएसवरच करा.

ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेलं तरी काम अडत नाही, कारण प्रोसेसरमध्येच छोटं ग्राफिक्स आहे. केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, चित्र येईल. गेम चालणार नाहीत. बिलं, मेल, साधं एडिटिंग निभावेल.

या मशीनच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरला नाही. त्या केसाएवढ्या बारीक आहेत आणि बोटाच्या धक्क्यानेही वाकतात. तेव्हा प्रोसेसर स्वतः काढू नका. मशीन दुकानात आणायचं असेल तर जड ग्राफिक्स कार्ड तेवढं काढून वेगळं आणा, नाहीतर गाडीच्या धक्क्यांनी त्याचा स्लॉट तुटतो.