सात पाचच्या बातम्या नेमक्या कोणाच्या?

निफाडकडच्या आमच्या मळ्यात पंपाच्या खोलीच्या कडीला एक रेडिओ टांगलेला असतो, अँटेना तुटलीय म्हणून तिथे तार गुंडाळलीय. सकाळी सात पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात आणि काका मोटार चालू करायच्या आधी त्या ऐकतात. घरी आल्यावर सांगताना ते "आकाशवाणीवर सांगितलं" असं कधीच म्हणत नाहीत, "सरकारने सांगितलं" असंच म्हणतात. कायद्याने बघायला गेलं तर हे चूक आहे, कारण 23 नोव्हेंबर 1997 पासून आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारचं खातं राहिलेलं नाही, प्रसार भारती नावाच्या स्वायत्त महामंडळाकडे ते गेलंय. पण मला वाटतं काकांचं फारसं चुकत नाही, आणि का चुकत नाही ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. 1927 ला मुंबईत खासगी कंपनीने रेडिओ सुरू केला, तीनेक वर्षांत ती बुडाली, मग इंग्रज सरकारने तो ताब्यात घेतला आणि 1936 ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, रचना तीच राहिली. आणीबाणीत रेडिओचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 1976 ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं काढलं, पण दोन्ही केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच हाताखाली.

खरी गोष्ट सुरू होते 1977 नंतर. नव्या सरकारने आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी एक समिती नेमली आणि तिने फेब्रुवारी 1978 मध्ये अहवाल दिला. त्यात 'आकाश भारती' नावाचा राष्ट्रीय ट्रस्ट करा आणि त्याला घटनेतच संरक्षण द्या असं म्हटलं होतं, म्हणजे उद्या कुठलंही सरकार आलं तरी साध्या बहुमताने त्याला हात लावता येऊ नये. हे मला आजही त्या सगळ्या कागदांमधलं सगळ्यात धाडसी वाक्य वाटतं. 1979 ला जे विधेयक आलं त्यात घटनेचा भाग गळाला, नाव बदलून प्रसार भारती झालं, आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर तेही बारगळलं. पुढे 1990 ला कायदा झाला आणि सात वर्षं तसाच पडून राहिला. मधल्या काळात डिश आल्या, केबल आली, 1995 ला सुप्रीम कोर्टाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या केसमध्ये सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. मग 1997 ला एकदाचा कायदा लागू झाला.

आता गुंता आहे तो 'स्वायत्त' या एका शब्दाचा. आपण तो 'स्वतंत्र' अशा अर्थाने वाचतो. सरकारी भाषेत स्वायत्त म्हणजे आपला कारभार आपण करणारी, पण पैसा, माणसं आणि शेवटचा शब्द दुसऱ्याकडे असू शकतो अशी संस्था. विद्यापीठ स्वायत्त असतं, जिल्हा बँकही कागदावर स्वायत्त असते.

कायदा नीट वाचला तर तो वाईट नाही. कलम 12 म्हणतं की नागरिकाला मोकळेपणाने, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपायचा, परस्परविरोधी मतं द्यायची आणि स्वतःची कुठलीही विचारसरणी पुढे रेटायची नाही. कलम 23 प्रमाणे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार "हे प्रसारित करू नका" किंवा "हे करा" असा आदेश देऊ शकतं. पण त्याला दोन अटी आहेत आणि त्या फार कमी लोकांना माहीत असतात. एक, आदेशावरून काही प्रसारित केलं तर ते सरकारच्या सांगण्यावरून केलंय असं महामंडळाला तिथल्या तिथे जाहीर करता येतं. दोन, प्रत्येक आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावी लागते. म्हणजे दबाव आणायचाच तर उघड आणा, कागदावर आणा, अशी ती सोय आहे.

पण लेखी आदेशाची गरज पडतेच कुठे? वृत्त विभागात वरच्या खुर्च्यांवर भारतीय माहिती सेवेचे अधिकारी येतात आणि ते केडर माहिती व प्रसारण मंत्रालयाचं आहे. बदली, बढती तिकडून. 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत लागलेले कर्मचारी नंतरच्या दुरुस्तीनुसार निवृत्त होईपर्यंत सरकारी नोकरच, महामंडळात फक्त डेप्युटेशनवर असल्यासारखे. पगाराला मंत्रालयाचं अनुदान. मग फोनसुद्धा करावा लागत नाही, माणूस स्वतःच ओळखतो.

आणि हे फक्त खोटं-खरं एवढ्यापुरतं नसतं, क्रम कसा लावता हा पण प्रश्न असतो. 8 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातबंदी आली तेव्हा "दर आटोक्यात ठेवण्यासाठी केंद्राचा निर्णय" ही बातमी खरी होती आणि "लासलगाव, पिंपळगावला लिलाव बंद पाडले" हीसुद्धा खरी होती. दिल्लीच्या गिऱ्हाईकाला पहिली कामाची, चांदवडच्या शेतकऱ्याला दुसरी. पहिली कुठली घ्यायची हे टेबलावर बसलेला माणूस ठरवतो आणि तो कोणाला उत्तर देतो यावर बरंच अवलंबून असतं.

उत्तर द्यायचं कोणाला, याचीही सोय कायद्यात होती. कलम 13 मध्ये 22 खासदारांची संसदीय समिती आहे, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे, विरोधी पक्षही त्यात आलेच. शिवाय लोकांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद. यातलं काहीच धड उभं राहिलं नाही. मंत्रालयाकडची दोरी तेवढी घट्ट राहिली आणि संसदेकडची बांधलीच गेली नाही, आणि हे एका पक्षाने केलेलं नाही, 1997 पासून आलेल्या प्रत्येक सरकारला ते सोयीचंच होतं.

जुन्या लोकांना रेडिओचं लायसन आठवत असेल, छोटं पुस्तक असायचं, पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची आणि शिक्का मारून आणायचा. 1980 च्या दशकात ते बंद झालं तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं, मलाही वाटलं असतं. पण त्यासोबत ऐकणाऱ्याचं आणि रेडिओचं पैशाचं थेट नातं संपलं. आता पैसे आपलेच जातात, फक्त मंत्रालयातून फिरून जातात.

टीव्हीवर निदान चॅनल बदलता येतं, रेडिओवर तेही नाही. शहरात खासगी एफएम भरपूर वाजतात पण त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, 2011 च्या धोरणाने फार तर आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायची मुभा दिली. सप्टेंबर 2023 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, खासगी एफएमला दर तासाला 10 मिनिटं बातम्या देऊ द्या अशी शिफारस केली, पण शिफारस म्हणजे परवानगी नव्हे. म्हणजे रेडिओवर बातमी ऐकायची तर आकाशवाणीचीच, म्हणून मला तिच्या स्वातंत्र्याची एवढी काळजी वाटते.

त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय झाला. कारण पुढे आलं ते पूर्णवेळ अधिकारी नसल्याचं. ऐकणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. राज्यभरातून ओरड झाली, पुढाऱ्यांनी दिल्लीला पत्रं लिहिली आणि निर्णयाला स्थगिती आली. ती मंत्र्यांकडून आली, संसदीय समितीकडून नाही, कारण समितीच नव्हती. महामंडळाचा निर्णय थांबवायला लोकांना त्याच मंत्रालयाच्या दारात जावं लागलं ज्याच्यापासून ते महामंडळ वेगळं काढलं होतं. काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, मग उद्या परत बंद करायचं ठरलं तर पत्र कोणाला टाकायचं.